नीतीच्या प्रश्नांवर निबंधस्पर्धा घेतोय, मुलांना विषय काय द्यावेत?

साखळीची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. गोव्यात साखळीला आमच्या वाचनालयात यंदा चतुर्थीनंतर अकरावी ते पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंतच्या मुलांसाठी निबंधस्पर्धा घ्यायचं ठरलंय. विषय नीती, म्हणजे बरोबर काय नि चूक काय हे ठरवताना माणूस जिथे अडतो ते प्रश्न. विषय काढायचं काम माझ्याकडे आलंय म्हणून हा धागा.

मागे एका स्पर्धेला मी परीक्षक होते, कुठली ते राहू दे. विषय होता 'जीवनात नैतिक मूल्यांचे महत्त्व'. आलेल्या निबंधांवरची नावं झाकली तर कोणता कुणाचा हे घरच्यांनाही ओळखता आलं नसतं, सुरुवातीला सुभाषित, मग हरिश्चंद्र, मग आजची पिढी मोबाईलमध्ये कशी गुंतली, आणि शेवटी आपण सर्वांनी प्रामाणिक राहूया. काही तर सरळसरळ चॅटजीपीटीचे, वाचल्यावर कळतंच. एकच निबंध वेगळा होता. एका मुलाने लिहिलं होतं की बाबांचा ट्रक खाणीवर चालायचा, माझी फी त्यातून भरली गेली, आणि त्याच खाणीने आजीच्या घरची विहीर आटवली. खाण परत सुरू व्हावी का असं कुणी विचारलं तर मी गप्प बसतो, कारण हो म्हटलं तर आजीला काय सांगू आणि नाही म्हटलं तर बाबांना काय सांगू. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. पण मी तो निबंध परत परत वाचला. त्याला काहीच मिळालं नाही, कारण बाकीच्या परीक्षकांचं मत पडलं की 'निष्कर्ष नाही'. मी भांडले, उपयोग झाला नाही.

मला हवी आहे ती स्पर्धा त्या मुलासाठी. तेव्हा तीन गोष्टींवर मतं द्या: विषय कसे असावेत, मार्क कशाला द्यावेत, आणि चॅटजीपीटीचं काय करायचं.

फोंड्याचा_अभ्यासू

ताई, मी यूपीएससी करतोय. २०१३ पासून मेन्समध्ये, म्हणजे मुख्य परीक्षेत, जीएस ४ (सामान्य अध्ययनाचा चौथा) हा पेपरच एथिक्सचा, म्हणजे नीतीचा आहे, २५० मार्कांचा, त्यात जवळपास अर्धे मार्क केस स्टडीला असतात. म्हणजे तुम्ही जिल्हाधिकारी आहात, पूर आलाय, वरून फोन येतो की अमुक गावाला आधी बोटी पाठवा, काय कराल, वगैरे. कल्पना चांगली आहे. पण आता क्लासवाल्यांनी त्याचाही साचा करून टाकलाय, आधी स्टेकहोल्डर लिहा, मग ऑप्शन, मग प्रत्येकाचे फायदे तोटे, मग मधला मार्ग. मी पण तसंच लिहितो कारण मार्क मिळतात. माझा अनुभव असा की केस दुसऱ्याची असली की साचा चालतो, आपल्या घरातली असली की साचा चालतच नाही, पहिल्या ओळीलाच पेन थांबतं. त्यामुळे विषय देताना 'तुम्ही जिल्हाधिकारी आहात' असं देऊ नका. तुम्ही जे आहात तेच आहात, असं द्या.

मांडवीवरचा_बार्जवाला

मास्तरीणबाय, खाणीचा विषय काढलात म्हणून लिहितो. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा खनिज वाहणाऱ्या माझ्या बार्जवर सात माणसं पोसली जात होती. मग थोडं सुरू झालं तोवर ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केली आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथे किती घरांत ट्रकचे हप्ते थकले ते तुम्हाला मी सांगायला नको. हा विषय पोरांना दिलात तर पोर घरात जे ऐकतं तेच लिहिणार, आणि परीक्षक पर्यावरणवाला निघाला तर त्याच्या बापाला चोर ठरवून मोकळा होणार. आमची जखम अजून सुकलेली नाही. एवढंच सांगतो, विचार करून द्या.

साखळीची_मास्तरीण

दादा, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण म्हणूनच मला तो विषय द्यावासा वाटतो, फक्त 'खाणी हव्यात की नकोत' असा नाही. त्या प्रश्नाला दोन बाजू पाडून ठेवल्यात आणि पोरांना आपण कुठल्या बाजूचे हे जन्मापासून ठाऊक असतं. मी वेगळ्या जागेवरून विचारेन. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली होती आणि खनिज विकून येणाऱ्या पैशातला १० टक्के वाटा कायमस्वरूपी निधीत बाजूला ठेवायला सांगितला, पुढच्या पिढ्यांसाठी. आता प्रश्न असा की जमिनीतली वस्तू एकदाच काढता येते, जो अजून जन्मलाच नाही त्याचा त्यावर हक्क किती? दहा टक्के पुरे? आणि आज ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याला 'थांब, पुढच्या पिढीचं बघूया' असं कुणी सांगायचं? यात ट्रकवाल्याचा मुलगा पण लिहू शकतो आणि विहीर आटलेल्या घरातला पण, आणि कुणाच्या बापाला चोर म्हणायची गरज पडत नाही.

मांडवीवरचा_बार्जवाला

हां. असा असेल तर चालेल. माझी मुलगी बारावीला आहे, तिला सांगतो.

केरी_तेरेखोल

विषय: मोबाईलचे दुष्परिणाम. तरुण पिढीला याचीच गरज आहे.

साखळीची_मास्तरीण

सर, गरज आहे हे खरंच, पण त्यावर मुलांना आपलं काय ऐकायचंय हे त्यांना पक्कं माहीत असतं आणि ती तेच लिहून देतात. मोबाईलचाच घ्यायचा तर असा घेऊ: मैत्रिणीने विश्वासाने पाठवलेला मेसेज, त्यात ती स्वतःला इजा करेल असं वाटतंय, आणि तिने शपथ घातलीय की कुणाला दाखवायचा नाही. दाखवशील का, आणि कुणाला? हा विषय वर्गात तोंडी काढला तर पंधरा मिनिटं कुणी बोलत नाही, मग सगळे एकदम बोलतात. मात्र हा निबंधाला ठेवणार नाही, कारण एखादं मूल खरंच त्यात अडकलेलं असेल तर त्याला स्पर्धेचा कागद नको, जवळचं मोठं माणूस हवं.

बॉस्टनचा_पेडणेकर

इथल्या, अमेरिकेतल्या या प्रकारच्या एका नावाजलेल्या स्पर्धेबद्दल लिहितो, काही उपयोगी पडेल. एली वीझेल, नाझी छळछावणीतून वाचलेले लेखक, यांना १९८६ ला शांततेचं नोबेल मिळालं, त्यानंतर त्यांनी नि त्यांच्या पत्नीने फाउंडेशन काढलं, आणि १९८९ पासून कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी एथिक्सवर निबंधस्पर्धा सुरू केली. निबंध तीन ते चार हजार शब्दांचा असायचा. मला आवडलेल्या गोष्टी दोन. एक, कुठल्याही शाखेचा विद्यार्थी चालायचा, तत्त्वज्ञानवालाच हवा असं नव्हतं, नर्सिंगचा चालायचा, इंजिनिअरिंगचा चालायचा. दुसरी, प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक प्राध्यापक लागायचा ज्याने निबंध वाचून हा याचाच आहे असं सांगायचं. म्हणजे जबाबदारी घेणारं एक माणूस असायचं, नुसतं सॉफ्टवेअर लावून तपासणं नाही.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००८ ला मेडॉफ नावाच्या, लोकांचे पैसे गुंतवणाऱ्या माणसाचा घोटाळा फुटला त्यात या फाउंडेशनचे दीड कोटी डॉलर बुडाले, जवळजवळ सगळीच पुंजी. नीतीवर बक्षीस देणाऱ्या संस्थेलाच विश्वासाने फसवलं. पण त्यांनी काम बंद केलं नाही, लोकांनी न मागता देणग्या पाठवल्या. यावर पण एक विषय होईल: विश्वासावर दिलेले पैसे बुडाले तर न तपासणाऱ्याचा दोष किती?

निवृत्त_संस्कृतवाला

मुलांना परकी आणि आपली अशी दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून द्या असं सुचवतो. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ ला एक छोटा लेख लिहिला, त्यात प्रश्न असा की मारेकरी दारात येऊन विचारतो तुझा मित्र घरात आहे का, तर खोटं बोलावं का. कांट म्हणतो नाही, तिथेही खोटं बोलायचा हक्क नाही. आता आपल्या महाभारतात कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक ब्राह्मणाची गोष्ट सांगतो. कौशिकाचं व्रत होतं की सदा खरं बोलायचं. लुटारूंपासून पळणारे लोक त्याच्या समोरून रानात शिरले, लुटारूंनी विचारलं, कौशिकाने खरं सांगितलं, लोक मारले गेले, आणि कौशिक नरकात गेला. प्रश्न तोच आणि उत्तर अगदी उलट. आमच्या शाळांत हरिश्चंद्र सांगतात, कौशिक सांगत नाहीत. सांगितला पाहिजे.

मात्र एका बाबतीत माझा तुम्हाला विरोध आहे. 'निष्कर्ष नाही' हा दोषच आहे. धर्मसंकटात सापडलेला माणूस शेवटी काहीतरी करतोच, न करणं हेसुद्धा करणंच. अर्जुन गप्प बसला असता तर ते पण युद्धात भाग घेण्यासारखंच झालं असतं. मुलांना शेवटी 'मी असं करीन' हे लिहायला लावलंच पाहिजे, नाहीतर सगळी मुलं दोन्ही बाजू बरोबर म्हणून सुटून जातील.

साखळीची_मास्तरीण

सर, कौशिकाची गोष्ट घेतेच.

विरोधाबद्दल. दोन्ही बाजू बरोबर असं म्हणून सुटणं मला पण नको. पण तो ट्रकवाल्याचा मुलगा सुटला नव्हता हो, तो अडकला होता. सुटलेल्याला दोन्हीकडचं काही गमवायचं नसतं, यांचंही खरं त्यांचंही खरं असं लिहून तो मोकळा होतो. अडकलेला पोरगा लिहितो की असं केलं तर माझ्या हातून हे जाईल आणि तसं केलं तर ते. मार्क त्याला द्यायचे. शेवटी त्याने निर्णय घेतला तर उत्तमच, नाही घेतला तर का घेता येत नाही हे त्याने मला पटवलं पाहिजे. सतरा वर्षांच्या मुलाला आम्ही अशा प्रश्नावर पक्का निर्णय मागतो ज्यावर हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट आणि सरकार दहा वर्षं घोळ घालत होते, हे मला पटत नाही.

निवृत्त_संस्कृतवाला

'का घेता येत नाही हे पटवलं पाहिजे' ही अट छापील नियमांत घाला, मग माझा विरोध मागे.

टीवायची_शेवंती

मॅडम मी टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमच्या बाजूने लिहू का. आम्ही खरं लिहीत नाही याचं कारण आम्हाला सुचत नाही हे नसतं. कारण हे असतं की निबंध आमचेच शिक्षक वाचतात, मग बक्षीस मिळालं तर कॉलेजच्या मॅगझिनमध्ये छापतात, मग ते आईबाबांच्या हातात जातं, मग शेजारी, मग अख्खा वाडा. गोव्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. आमच्या घराची मुंडकाराची (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्याची) केस मामलेदाराकडे किती वर्षं पडून आहे, आणि ज्या भाटकाराविरुद्ध आहे त्यांच्या नातीबरोबर मी एका बाकावर बसते, आमची चांगली मैत्री आहे. मला यावर लिहायचं आहे, खूप दिवसांपासून. पण कुठल्या स्पर्धेत लिहू सांगा. म्हणून कोड नंबर द्या, नाव फक्त एका माणसाकडे असू दे, आणि छापायचं की नाही हे आम्हाला विचारून ठरवा. बक्षीस मिळालं तरी नाही म्हणायचा हक्क द्या प्लीज.

आल्तिनोचा_वकील

शेवंती, तुझ्या केसबद्दल इथे जास्त लिहू नकोस, जपून. पण विषय जबरदस्त आहे. १९७५ चा मुंडकार कायदा मुंडकाराला घरातून काढता येऊ नये म्हणून आला, पुढे ते घर नि त्याच्या भोवतीची ठरावीक जागा विकत घ्यायचाही हक्क त्यात आहे. त्याच्याआधी १९६४ चा कूळकायदा, आणि १९७६ ला पाचव्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन. कायद्याच्या नजरेने गोष्ट स्पष्ट आहे. पण नीतीचा प्रश्न कायदा संपतो तिथे सुरू होतो. आजचा भाटकार म्हणजे एकटी राहणारी पंच्याऐंशी वर्षांची विधवा असू शकते जिच्याकडे त्या भाटाशिवाय काही नाही, आणि आजचा मुंडकार आखातात नोकरी करून दोन फ्लॅट घेतलेला असू शकतो. तरी कायदा मुंडकाराच्या बाजूने.

हळदोणेचा_देसाय

वकीलसाहेब, शेवटी कुणीतरी आमची बाजू बोललं.

डिचोलीचा_कूळकार

बाजू कसली? एकट्या विधवेचं उदाहरण प्रत्येक वेळी पुढे करतात. माझा आजा भाटकाराच्या घरी पायरीच्या वर चढला नाही उभ्या जन्मात, घराचं छप्पर शाकारायला पण विचारावं लागायचं. पिढ्यान् पिढ्या राबणूक केली त्याचा हिशोब कुठे मांडणार? दोन फ्लॅट झाले म्हणून तो संपला?

हळदोणेचा_देसाय

ज्याने तुमच्या आज्याला पायरीवर ठेवलं तो मी नव्हे. आजोबांनी केलेल्याची भरपाई नातवाने किती काळ करायची, हा माझा प्रश्न आहे, आणि तो मी मनापासून विचारतोय, भांडायला नव्हे.

साखळीची_मास्तरीण

दोघेही थांबा, पण यातलं एक अक्षरही खोडू नका. देसायबाब, तुम्ही आत्ता विचारलंत तोच विषय मी जसाच्या तसा देणार: आजोबांनी केलेल्या अन्यायाची भरपाई नातवाने करावी का, केली तर कुठवर? भाटकार-मुंडकार हा शब्दही घालायची गरज नाही, ज्याला लिहायचंय तो त्यावर लिहील, कुणी देवळातल्या मानापानावर लिहील, कुणी आणखी कशावर.

शेवंती, कोड नंबर नक्की. नावांची यादी बंद पाकिटात, निकालानंतरच उघडायची. आणि छापायचं की नाही ते तुम्हीच सांगायचं, हा नियम मी कमिटीत मंजूर करून घेणार, नाही झाला तर मी हे काम करणार नाही.

काणकोणचो_रापणकार

आमच्या दर्याचं पण घाला मगो कायतरी. बोटीवर एलईडी दिवे लावून, उजेडाला मासळी ओढून मारायला केंद्राने २०१७ सालीच बंदी केलीय, तरी रात्री बाहेर उजेड दिसतोच. जून-जुलै दोन महिने बोटी बंद असतात, मासळी वाढावी म्हणून, तेवढं सगळे पाळतात कारण पकडतात. रापणवाल्याच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याच्या पोराला प्रश्न हा: सगळे एलईडी लावतात, मी नाही लावला म्हणून दर्यातली मासळी वाढणार नाही, फक्त माझं घर उपाशी राहणार. मग मी कायदा पाळू कशाला? याला माझ्याकडे उत्तर आहे, मी लावत नाही. पण का लावत नाही हे मला नीट सांगता येत नाही. पोरांनी सांगितलं तर ऐकायला येईन, काणकोणहून साखळीला.

फोंड्याचा_अभ्यासू

हा सगळ्यात भारी विषय. याच्यावर पाश्चात्त्य पुस्तकांत ढीगभर लिहिलंय पण इतक्या सरळ कुणी मांडलेलं मी वाचलं नव्हतं.

पर्वरीची_प्रोग्रामर

चॅटजीपीटीबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. पकडणारी जी सॉफ्टवेअरं आहेत त्यांच्यावर मराठीसाठी तर अजिबात विसंबू नका, निर्दोष मुलावर खोटा आळ येईल आणि नीतीच्या स्पर्धेत तेवढं पाप पुरे. दुसरं, पणजी-मडगावच्या मुलाला घरी शिकलेले आईवडील असतात, ट्यूशनच्या मॅडम असतात, त्या निबंध 'बघून' देतात म्हणजे अर्धा लिहून देतात, त्याला आपण कधी चीटिंग म्हटलं नाही. आणि सत्तरीतल्या एखाद्या मुलीने फोनवर मुद्दे विचारले तर ती चोर? मला हे पटत नाही. बंदी घातली तरी ती पाळली गेली की नाही हे कळणार नाही.

माझा तोडगा: निबंध घरी लिहू दे, काय वापरायचं ते वापरू दे, पण शेवटच्या फेरीत निवडलेल्या मुलांना बोलवा आणि दहा मिनिटं त्यांच्याशी त्यांच्याच निबंधावर बोला. परीक्षा म्हणून नको, गप्पा म्हणून. 'इथे तू आजीचं लिहिलंस, आजी काय म्हणाली हे वाचून?' स्वतःच्या अडचणीवर लिहिलेलं मूल बोलत सुटतं. दुसऱ्याने लिहिलेलं असेल तर दुसऱ्या प्रश्नाला गप्प.

निवृत्त_संस्कृतवाला

लाजाळू मुलांचं काय? लिहिता येतं पण चार माणसांपुढे तोंड उघडत नाहीत अशी कितीतरी पाहिलीत मी.

पर्वरीची_प्रोग्रामर

सर, एकच परीक्षक, समोरासमोर नाही, बाजूबाजूला बसून, आणि वाटलं तर मुलाने तिथेच अर्ध्या पानात उत्तर लिहून द्यावं. बोलण्याला मार्क नकोतच, फक्त ओळख पटण्यापुरतं.

टीवायची_शेवंती

पण मग कोड नंबरचं काय? समोर बसले की ओळखणारच ना.

साखळीची_मास्तरीण

म्हणून हा परीक्षक तालुक्याबाहेरचा. मार्क आधीच देऊन झालेले असतील, कोडवर. मी काणकोण किंवा पेडण्याकडचा माणूस शोधते.

पणजी_पाटो

एक विषय माझा. २०२० पासून गोंयकारांना कॅसिनोत जायला बंदी आहे, बाहेरच्यांना मोकळीक. म्हणजे जे आपल्या पोरांना वाईट म्हणून बंद केलं तेच दुसऱ्याच्या पोरांना विकून सरकार महसूल घेतं. हे योग्य का?

आल्तिनोचा_वकील

आणि उलट बाजूनेही विचारा, सज्ञान माणसाला सरकारने त्याच्याच भल्यासाठी अडवावं का.

सांखवाळचा_वाचक

धर्मानंद कोसंबींना विसरू नका. आमच्या सांखवाळचे, जन्म १८७६. १८९९ च्या शेवटी घरी बायको आणि तान्ही मुलगी ठेवून ज्ञानासाठी बाहेर पडले, पुणे, काशी, नेपाळ, मग श्रीलंकेत जाऊन पाली शिकले, बौद्ध धर्म मराठीत आणला, पुढे हार्वर्डपर्यंत पोचले. त्यांच्यामुळे आपल्याला जे मिळालं त्याला मोल नाही. पण मागे राहिलेल्या त्या बाईने ती वर्षं कशी काढली असतील? मोठ्या कामासाठी घरच्यांना सोडण्याचा हक्क माणसाला आहे का, आणि हाच प्रश्न त्यांच्या जागी एखादी बाई घर सोडून गेली असती तर आपण कसा विचारला असता? शेवटी १९४७ ला सेवाग्रामला त्यांनी अन्न सोडून देह ठेवला, तो तर आणखी वेगळा विषय, पण मुलांना तो नको. पहिला मात्र द्याच. पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात त्यांची पुस्तकं मिळतील.

साखळीची_मास्तरीण

घेतला. बाई घर सोडून गेली असती तर, हा भाग मुख्य विषयातच टाकते.

तर काल कमिटीची बैठक झाली, सांगते काय ठरलं. पाच विषय: न जन्मलेल्यांचा खनिजावरचा हक्क, आजोबांच्या अन्यायाची भरपाई, सगळे मोडत असताना एकट्याने नियम पाळणं, कोसंबींचं घर सोडणं, आणि कांट-कौशिक. कॅसिनोवर एका सदस्याचा आक्षेप आला, अकरावीच्या मुलांना नको म्हणून, तो पदवीच्या गटालाच ठेवलाय. शब्दमर्यादा बाराशे, मराठी किंवा कोंकणी, देवनागरीत. मार्कांत शुद्धलेखनाला दहात एकच. कोड नंबर मंजूर, छापायला परवानगी लागणार हेही मंजूर, त्यावर बराच वाद झाला पण झालं. संस्कृतवाले सर, तुमची अट नियम क्रमांक चारमध्ये तुमच्याच शब्दांत आहे. बॉस्टनवाले दादा, प्राध्यापकाची जबाबदारी घ्यायला शाळा तयार नाहीत, त्यामुळे ते आम्ही पर्वरीवाल्या ताईंच्या गप्पांवर भागवतोय.

मांडवीवरचा_बार्जवाला

मुलीने पहिला विषय घेतलाय. दोन दिवस मला प्रश्न विचारतेय, किती टन भरायचो, किती मिळायचे, पाणी लाल व्हायचं तेव्हा मी काय बघायचो. सांगतोय जमेल तसं.

टीवायची_शेवंती

मॅडम, मैत्रिणीला दाखवून लिहिलं तर चालेल का? जिच्याबद्दल आहे तिला. तिची बाजू मला माहीत नाही असं लिहायला बसल्यावर लक्षात आलं.

साखळीची_मास्तरीण

चालेल. ती लिहिणार असेल तर तिला पण फॉर्म दे, शेवटची तारीख चतुर्थीच्या सुट्टीनंतरचा दुसरा शनिवार, वाचनालय संध्याकाळी सातपर्यंत उघडं असतं.